लाल पाण्याच्या मुलखात

आमच्या सासूबाईंच्या फडताळात द्राक्षासवाची बाटली कायम असते. सासूबाई सातारकडच्या. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी चुकायची नाही, घरात मांस शिजायचे नाही. पण रात्रीच्या जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव आणि तितकेच पाणी पोटात गेल्याखेरीज त्यांचा दिवस संपत नाही. "आई, आसव म्हटलं की त्यात अंगचं मद्य असतंच," असे ज्ञान मी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी पाजळले होते. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, औषध ते औषध आणि दारू ती दारू."

या वाक्यामागे एक अख्खे घर बुडालेले आहे, हे मला पुढे कळले.

त्यांचे वडील, म्हणजे आमच्या सौ.चे आजोबा, दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत लढले. घरी त्यांना अप्पा म्हणत. परत आले ते धडधाकट, छातीवर बिल्ले लावून, आणि येताना एक गोष्ट घेऊन आले. इटलीतल्या एका नदीकाठच्या खेड्यात एका म्हातारीने त्यांना भाकरीसारखी भाकरी, निखाऱ्यावरचे मटण आणि वाडगाभर 'लाल पाणी' दिले होते. तिथे पोरांच्या पाण्यातसुद्धा लाल पाण्याचे दोन थेंब घालतात, जेवण संपले की बाटलीला बूच बसते आणि ती उद्यापर्यंत कोणी उघडत नाही, असे ते सांगत. ऐकणाऱ्यांना ही शेवटची गोष्ट सर्वांत खोटी वाटे. कारण अप्पांना पुढे गावच्या हातभट्टीने गाठले होते. १९४९ साली मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा झाला, परमिटे निघाली. हातभट्टीला परमिट लागत नव्हते. आधी बैलजोडी गेली, मग विहिरीवरचे शेत गेले, शेवटी अप्पा गेले. आजीने माळ घातली, मुलीलाही घातली, आणि लाल पाण्याची गोष्ट घरात कुणी काढायची नाही असे न बोलताच ठरून गेले.

तेव्हा साठी उलटल्यावर आम्ही उभयता इटलीला निघालो, तेव्हा विमानतळावरच सौ.ने करार करून टाकला. "बघायचं सगळं. पिणं तुमचं तुम्ही. माझ्या पेल्यात पाणी." करारावर मी मुकाट्याने सही केली. नवऱ्याने दुसरे काय करायचे असते?

मोदेना हे गाव बोलोन्यापासून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत येते. ख्रिस्तपूर्व १८७ मध्ये रोमन लोकांनी रिमिनीपासून पिआचेन्झापर्यंत एक सरळ रस्ता आखला. त्याचे नाव व्हिया एमिलिया. त्या रस्त्यावर आपल्याकडच्या एस. टी.च्या थांब्यांसारखी ओळीने गावे आहेत आणि प्रत्येक गावाला खाण्याची निराळी घमेंड आहे. मोदेनाची घमेंड तीन गोष्टींची: पार्मिजानो चीज, बारा-बारा आणि पंचवीस-पंचवीस वर्षे लाकडी पिंपांत मुरवलेला बालसामिको शिरका, आणि लांब्रुस्को नावाची वाइन.

यातले तिसरे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी मुंबईहून एकच नाव पाठ करून गेलो होतो, बारोलो. खाणावळीत बसताच ऐटीत म्हणालो, "बारोलो." वाढप्याने माझ्याकडे असे पाहिले, की कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्याच्या खानावळीत बसून मी उंधियो मागितला असावा. बारोलो चांगलीच, पण ती पिएमोंते प्रांतातली, तिकडच्या डोंगरांतली, तिकडच्या जेवणाची. इथे तिचे काय काम? त्याने न विचारता लांब्रुस्को आणून ठेवली. इटलीतल्या वाइनचे पहिले सूत्र मला त्या वाढप्याने दिले. आधी गाव विचारा, मग ताट, आणि त्यानंतर पेला. सरकारनेही १९६३ साली कायदा करून हेच लेखी बांधले आहे. बाटलीवर डी. ओ. सी. अशी अक्षरे असली की त्या वाइनचा मुलूख, द्राक्षाची जात आणि करण्याची रीत ठरलेली असते. आपल्या हापूसला रत्नागिरी-देवगडचा शिक्का असतो तशी.

लांब्रुस्को लाल असूनही फसफसते आणि थंडगार पितात. ओतताना वर गुलाबी फेस येतो आणि लगेच बसतो. तिच्या जाती अनेक. मोदेनाच्या उत्तरेकडची सोर्बारा फिकट, जवळजवळ सोलकढीच्या रंगाची, आणि चांगली आंबट. दक्षिणेकडच्या टेकड्यांवरची ग्रास्पारोस्सा जांभळासारखी गडद, तुरट. सोर्बाराच्या वेलीची एक गंमत आहे. तिच्या फुलातले पराग निकामी असतात, म्हणून शेतात तिच्या शेजारी सालामिनो नावाची दुसरी लांब्रुस्को लावावी लागते. पपईच्या बागेत नराचे झाड राखतात त्यातलाच प्रकार! पूर्वी या मुलखात वेली मांडवावर नव्हे, तर जिवंत एल्म वृक्षांवर चढवीत, आणि अशा वेलीला 'लग्न लावलेली वेल' म्हणत. हे ऐकून सौ. खूश झाली. दिवाळी संपली की आपण तुळशीचे लग्न लावतो, यांनी द्राक्षाचे लावले. आता यंत्राने तोडणी होते, त्यामुळे असे संसार बहुतेक मोडले आहेत.

ताटात तोर्तेल्लोनी होते. म्हणजे रिकोटा चीज आणि पालक भरलेल्या, उकडून काढलेल्या चिमुकल्या करंज्याच. वर वितळलेले लोणी, तळलेली सेजची पाने आणि किसलेले पार्मिजानो. (या भागात डुकराच्या मांसाचे साम्राज्य आहे, आणि सौ. मटण-कोंबडीपलीकडे जात नाही. तेव्हा प्रत्येक करंजीच्या पोटात काय आहे याची चौकशी करण्यात आमची निम्मी सहल गेली.) पहिले चार घास स्वर्गीय लागले. सहाव्या घासाला लोणी जिभेवर बसले. मग मी लांब्रुस्कोचा घोट घेतला. आंबट धार आणि फेस यांनी जीभ अशी लख्ख झाली, की सातवा घास पुन्हा पहिला लागला. माझे आजोळ मालवणचे. मी ओरडलोच, "अगं, ही सोलकढी आहे!"

"आमच्याकडे ताक म्हणतात," सौ. म्हणाली. पण तिने पेल्याकडे पाहिले. नुसते पाहिले.

त्यानंतर मी रोज प्रयोग करीत गेलो. बहुतेक खेळ तीन चवींचा आहे. आंबटपणा तुपकटपणा कापतो. तुरटपणा, म्हणजे सालीतून आणि बियांतून येणारा, आवळा खाल्ल्यावर गाल आत ओढले जातात तसा, नुसत्या पोटी जिभेला बोचतो. पण मांसाच्या चरबीबरोबर किंवा जुन्या चीजबरोबर तोच मऊ होतो. आणि गोडाबरोबर घ्यायची वाइन गोडाहून गोड हवी, नाहीतर जिलेबीवर प्यायलेल्या चहासारखी गत होते. बाकी पेला गरगर फिरवून 'ओल्या मातीचा, जुन्या चामड्याचा वास येतो' वगैरे बोलणारे पर्यटक भेटले. मला वास फक्त द्राक्षाचा आला. गावकऱ्यांपैकी पेला फिरवताना मला कोणी दिसले नाही. ते गप्पा मारीत होते.

बोलोन्यात आम्ही दोन दिवस काढले. टेकड्यांवरची पिन्योलेत्तो नावाची पांढरी, हलकी फसफसणारी वाइन तिथे प्यालो. चांगली होती. पण सौ.चे मन पूर्वेकडे लागले होते, हे मला दिसत होते.

बोलोन्याच्या पूर्वेला रोमान्या सुरू होते. दोन्ही मिळून प्रांत एकच, एमिलिया-रोमान्या. पण लोक स्वतःला एक समजत नाहीत. त्यांची एक जुनी थट्टा आहे: वाटेतल्या घरात प्यायला मागा, पाणी मिळाले तर तुम्ही एमिलियात आहात, वाइन मिळाली तर रोमान्या लागली. आम्ही रंगीत मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या फाएन्झा गावी मुक्काम केला. रात्री पियादिना खाल्ली. ही थेट आपली पोळीच, जरा जाड, तव्यावर भाजलेली, आत स्क्वाक्वेरोने नावाचे पातळ मऊ चीज. बरोबर आल्बाना. पांढरी वाइन, पण लालसारखी किंचित तुरट, जर्दाळूच्या वासाची. १९८७ साली इटलीतल्या पांढऱ्या वाइनांत सर्वांत वरचा डी. ओ. सी. जी. हा दर्जा पहिल्यांदा हिला मिळाला, आणि त्यावर तेव्हा पुष्कळ नाके मुरडली गेली. मी मुरडले नाही. आमच्या शेजारच्या टेबलावर तीन पिढ्यांचे एक कुटुंब जेवत होते. आजोबांनी आपल्या लाल वाइनमध्ये सरळ पाणी ओतले. सौ. टक लावून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी गाडी ठरवून आधी फोर्लीला गेलो. तिथे भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे. सुमारे पाचशे कबरी, आणि ज्यांना अग्नी दिला अशा जवळजवळ आठशे जवानांचे स्मारक. अप्पा परत आले होते, त्यांचे नाव तिथे असणार नव्हते. तरी सौ.ने दगडावरची नावे एक-एक वाचली. जाधव, शिंदे, पवार असे काही दिसले की बोट ठेवायची आणि पुढे जायची.

तिथून सेनिओ नदी. नदी म्हणजे आपल्याकडचा मोठा ओढा. पण दोन्ही बाजूंना उंच मातीचे बांध. १९४४-४५ चा सबंध हिवाळा या बांधांच्या दोन बाजूंना दोन सैन्ये बसून होती. ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनने हे पाणी ओलांडले. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून परत आणले, पुन्हा जाऊन मशिनगनची ठाणी गार केली, आणि बांधावर उभे राहून शिवाजी महाराजांच्या नावाचा जयघोष केला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अप्पा त्याच बटालियनमध्ये होते. बांधावर आता गवत आहे. मे २०२३ मध्ये सेनिओला महापूर आला, हा सगळा भाग पाण्याखाली गेला. त्याचा चिखल शेताकडेच्या झाडांच्या बुंध्यांवर अजून दिसत होता.

दुपारी बांधाजवळच्या एका शेतघरात जेवायची सोय होती. घर चालवणारी ऐंशीच्या घरातली आजीबाई. इंग्रजी बोलायला तिची नात. आम्ही कुठून आलो, का आलो, ते नातीने सांगितले तेव्हा आजीबाई काही बोलली नाही. आत गेली आणि निखारे पुढे ओढले. त्यावर कास्त्रातोच्या फासळ्या टाकल्या. कास्त्रातो म्हणजे खच्ची केलेल्या मेंढ्याचे मटण. मीठ, लसूण, रोझमेरी, बस्स. चरबी निखाऱ्यावर पडून जो वास सुटला, तो साताऱ्याच्या जत्रेचा होता. टोपलीत गरम पियादिना आली. आणि मग लेबल नसलेली बाटली. साँजोवेझे.

या नावाची फोड लोक 'ज्युपिटर देवाचे रक्त' अशी करतात. टस्कनीतही हेच द्राक्ष, पण रोमान्याच्या शेतघरातली वाइन साधी असते: करवंदासारखी आंबट, मागून तुरट. मी फासळीचा घास घेतला, घोट घेतला. चरबीने तुरटपणा विरघळवला आणि आंबटपणाने चरबी. मी सांगायला तोंड उघडले तर सौ.चे माझ्याकडे लक्ष नव्हते. आजीबाईने तिच्यासमोर काचेचा पेला ठेवलाच नव्हता. एक पांढरा वाडगा ठेवला होता.

"पूर्वी आमच्याकडे यातून पीत," नात म्हणाली. "आजी म्हणते, पाहुण्यांना यातून."

सौ. बराच वेळ वाडग्याकडे पाहत होती. मग तिने आपल्या पाण्याच्या पेल्यातले पाणी त्यात ओतले, निम्म्याहून जास्त, आणि भाकरीचा तुकडा मोडावा इतक्या सहजपणे वाडगा तोंडाला लावला. एक घोट. मग मटणाचा घास. मग दुसरा घोट. करार मोडला म्हणून मी काही म्हणालो नाही.

जेवण झाले. बाटलीत अर्ध्याहून थोडी कमी उरली होती. आजीबाईने बूच उचलले, हाताच्या तळव्याने ठोकून बसवले आणि बाटली फडताळात ठेवून दिली. सौ.ने माझा हात दाबला.

संध्याकाळी बांधावर बसून तिने मोबाइलवर साताऱ्याला आईला लावले. नदी दाखवली, बांध दाखवला. पलीकडे रात्र झालेली. सासूबाई चष्मा लावून पडद्याच्या अगदी जवळ आल्या होत्या.

"जेवलात का?"

"हो."

"काय जेवलात?"

"मटण. भाकरीसारखी भाकरी." सौ. जरा थांबली. "आणि आई, अप्पा सांगायचे ते."

पलीकडून बराच वेळ काही आले नाही. मला वाटले, फोन तुटला. मग सासूबाईंनी हळूच विचारले,

"गोड असतं का गं?"

"नाही आई," सौ. म्हणाली. "तुरट."