सुळ्याची जागा

कुत्र्याचं पिल्लू तपासायला टेबलावर घेतलं की मालक आधी त्याचे पुढचे दात दाखवतात. मी ओठ बाजूने उचलतो आणि खालचा सुळा कुठे बसतोय ते बघतो. त्याची हक्काची जागा एकच: वरचा शेवटचा पटाशीचा दात आणि वरचा सुळा यांच्यामधली फट.

खालचा जबडा आखूड किंवा अरुंद असला की सुळा त्या फटीऐवजी टाळूत घुसतो. दुधाचा सुळा सुईसारखा टोकदार. टाळूवर आधी लालसर ठिपका उमटतो, मग तिथे खळगा पडतो. पिल्लू खातं, खेळतं, शेपूट हलवतं, त्यामुळे घरात कुणाला शंकाही येत नाही. तोंड दाखवलं तरी उत्तर ठरलेलं: "डॉक्टर, दुधाचेच तर दात आहेत, पडतील की!"

पडतील, पण तोवर फार उशीर झालेला असतो. वरचा आणि खालचा जबडा एकाच वेगाने वाढत नाहीत. खळग्यात अडकलेला सुळा खालच्या जबड्याला पुढे सरकू देत नाही. म्हणून तो साधारण ८ ते १२ आठवड्यांच्या वयात काढावा लागतो. दात काढल्याने जबडा वाढतो असं नाही. रक्तात जेवढी वाढ आहे तेवढी व्हायला वाट मोकळी होते, इतकंच. हे काम हलक्या हाताचं आहे. दाताचा जेवढा भाग दिसतो त्याहून मूळ कितीतरी लांब, बारीक आणि वाकडं असतं. शेजारीच कायमच्या दाताचा कोंब असतो. भूल आणि एक्स-रे यांच्याशिवाय मी त्याला हात लावत नाही. घाई केली की मूळ मोडलंच.

पाचव्या-सहाव्या महिन्यात कायमचे सुळे येतात. पोमेरेनियन, यॉर्कशायरसारख्या लहान जातींत दुधाचा सुळा तेव्हाही ठाण मांडून राहतो. मग खालचा नवा सुळा त्याच्या आतल्या बाजूला उगवतो आणि वरचा त्याच्या पुढे, म्हणजे नेमकी ती फट अडवून. एका जागी दोन दात दिसले की जुना लगेच काढायचा. नवा सुळा थोडासाच आत झुकला असेल, तर योग्य मापाचा रबरी चेंडू रोज चावायला देऊनही तो पुष्कळदा बाहेर सरकतो. माप मात्र डॉक्टरांनीच ठरवावं.

पग, बॉक्सर यांचा खालचा जबडा पुढे असणं जातीतच धरलेलं आहे. इतर जातींत जबड्याची लांबीच चुकली असेल, तर तो दोष बहुधा आनुवंशिक असतो. दात सरळ केल्याने रक्त सरळ होत नाही. अशा कुत्र्याची वेदना मी आनंदाने दूर करीन, पण त्याची पैदास करू नका, हे मी प्रत्येक मालकाला बजावतो.

४५व्या दिवशी लसीच्या पहिल्या इंजेक्शनला पिल्लू न्याल, तेव्हा डॉक्टरांना तोंड बघायला सांगा. पुढच्या प्रत्येक डोसलाही सांगा.