अंकुशनगर, एवढेच

आमच्या क्रिकेट क्लबचा सगळा इतिहास एका दोनशे पानी वहीत मावतो. नोंदणी नाही, घटना नाही, अध्यक्ष नाही. स्पर्धेच्या फॉर्मवर संघाचे नाव विचारले की आमचा कर्णधार 'अंकुशनगर' एवढेच लिहायचा. अंबड तालुक्यात महाकाळ्याजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती ही वसाहत झाली. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी, त्यावरचा ऊस, आणि उसामागे आलेली माणसे. वसाहतीत जो तो बाहेरून आलेला. त्यामुळे 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न इथे सगळ्यांनाच विचारला जायचा, फक्त आम्हालाच नव्हे.

मैदान म्हणजे गाडीतळ. दसऱ्यानंतर गाळप सुरू झाले की तिथे बैलगाड्यांची रांग लागायची आणि आमच्या बॅटी खाटेखाली जायच्या. पट्टा पडला, ऊसतोडीची माणसे आपापल्या गावी परतली, की आम्ही पाचट झाडून, बैलांच्या नालांचे खिळे वेचून खेळपट्टी करायचो. एवढे वेचूनही दर उन्हाळ्यात एखाद्याच्या पायात खिळा जायचाच.

वही माझ्याकडे असायची. संघात चार शेख आणि तीन शिंदे. तेव्हा 'शेख टेलर', 'शिंदे काटा' अशी नावे मी लिहू लागलो. 'शेख बॉयलर' म्हणजे माझा मोठा भाऊ. अब्बा बॉयलरवर होते, भावाने तो आतून कधी पाहिलाही नव्हता.

१९९२च्या मार्चमध्ये पाकिस्तानने विश्वचषक जिंकला. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या एका गावात स्पर्धा होती. भाऊ गोलंदाजीला आला तसा लाउडस्पीकरवरचा समालोचक म्हणाला, "आणि आता पाकिस्तानकडून..." लोक हसले. दुसऱ्या चेंडूलाही तेच. आमच्या कर्णधाराने, म्हणजे शिंदे काट्याने, भावाच्या हातातून चेंडू घेतला, खिशात घातला आणि खेळपट्टीवर मांडी घालून बसला. त्याच्यामागे आम्ही सगळे. पंच आले, आयोजक आले, सामना बाद करण्याची धमकी झाली. तो एवढेच म्हणत राहिला, "फॉर्मवर नाव लिहिलंय. ते वाचा." शेवटी स्पीकरवरून 'अंकुशनगर' ऐकू आले. भाऊ पुन्हा धावत आला आणि त्याने असा वाइड टाकला की चेंडू थेट रसवंतीत गेला. सामना आम्ही हरलो.

मग डिसेंबर आला, बाबरी मशीद पडली. आमच्या वसाहतीत काही झाले नाही, पण संध्याकाळी लोक लवकर दारे लावू लागले आणि अम्मी भावाला म्हणायची, "बाहेर खेलने नको जा रे." वहीत त्या दिवसांची पाने कोरी आहेत. १९९३च्या मार्चमध्ये त्याच गावाचा निरोप आला : स्पर्धा आहे, या, पण वातावरण बरे नाही, यंदा 'निवडक' पोरे आणा. निवडक म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. रमजान चालू होता. कर्णधाराने निरोप्याला चहा पाजला आणि सांगितले, "ईदनंतर ठेवा. आमच्या पोरांना रोजे आहेत, उन्हात पळवत नाही. मग सगळे येऊ."

ईदनंतरच्या रविवारी सामने झाले. वहीत अकराच्या अकरा नावे आहेत. समालोचक तोच होता; 'शेख बॉयलर' म्हणताना त्याची जीभ दरवेळी अडखळायची.

पुढे श्रीरामपूरच्या, म्हणजे आमच्यासारख्याच ऊसपट्ट्यातल्या जहीर खानने भारताची टोपी घातली. डिसेंबर २००१मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध औरंगाबादचा इक्बाल सिद्दीकी पहिली आणि एकमेव कसोटी खेळला. बीडला जन्मलेला संजय बांगरही त्याच कसोटीत पहिल्यांदा उतरला. विजयाला पाचच धावा हव्या होत्या, तेव्हा गोलंदाज इक्बालला सलामीला पाठवले आणि त्यानेच त्या काढल्या. भाऊ तेव्हा कामावर होता. संध्याकाळी मी त्याला सगळे सांगितले. त्याने डबा उघडता उघडता विचारले, "वाइड तो नही डाला ना उसने?"