गंधारासाठी चार व्होल्ट

खोक्याच्या एका कोपऱ्यात, बारकोडच्या जरा वर, ६०० हा आकडा छापलेला होता. भाच्याने श्टुटगार्टहून येताना आणलेला बायरडायनॅमिकचा डीटी ८८० हेडफोन. "मामा, आमच्या जवळच हाइलब्रॉनला कंपनी आहे," एवढं सांगून तो मित्रांना भेटायला सटकला. मी तो फोनला जोडला. हल्लीच्या फोनला भोकच नसतं, तेव्हा मधे ते बोटभर डोंगल आलंच. एका जुन्या मैफलीचं ध्वनिमुद्रण लावलं, आवाजाची पट्टी शेवटपर्यंत सरकवली, आणि बुवा समोरच्या इमारतीत बसून विलंबित गाताहेत असं वाटलं. तबला येत होता. तानपुरा नव्हताच.

हाच हेडफोन ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन रूपांत मिळत आला आहे. दिसायला तिळी भावंडं. मला अडकवलं ते या तिसऱ्याने. सरळ फोनवर वाजेल असा हेडफोन बनवता येत असताना मुद्दाम अवघड का बनवायचा? आणि बनवला, तर तो कुणी हौसेने का घ्यायचा?

६०० हा आकडा मुळात हेडफोनवाल्यांचा नाहीच, टेलिफोनवाल्यांचा आहे. खांबाखांबांवरून मैलोन्‌मैल जाणाऱ्या उघड्या तारांच्या जोडीचा इम्पिडन्स साधारण तेवढा भरत असे. म्हणून त्यांनी यंत्रं ६०० ओहमला जुळवली. ६०० ओहमात एक मिलिवॉट म्हणजे शून्य, अशी मोजपट्टीही ठरवली. तेवढा मिलिवॉट जायला ०.७७५ व्होल्ट लागतात, आणि हा विचित्र अपूर्णांक ध्वनिमुद्रण करणाऱ्यांच्या तोंडी अजून आहे. टेलिफोनमागून रेडिओ आला, त्यामागून स्टुडिओ. व्हिएन्नाच्या एकेजीचा के २४० कितीतरी वर्षं ६०० ओहमचा होता, कारण स्टुडिओत एकाच अ‍ॅम्प्लिफायरला पाच-सहा वादकांचे हेडफोन समांतर लावायचे, तर प्रत्येकाने थोडाच करंट ओढलेला बरा. शिवाय तारेचा गुण आहेच. पडद्याला चिकटलेलं वेटोळं ६०० ओहमचं करायचं तर केसाहून बारीक तारेचे भरपूर वेढे घ्यावे लागतात. बारीक तारेचं वेटोळं हलकं होतं, आणि हलणारी वस्तू जितकी हलकी तितकी ती चटकन उठते, चटकन थांबते.

गंमत म्हणजे, एके काळी जास्त ओहमचे हेडफोन हा गरिबीचा इलाज होता. गॅलिनाच्या खड्यावर चालणाऱ्या क्रिस्टल सेटला बॅटरी नाही, वीज नाही. एरियलने हवेतून जे वेचून आणलं तेवढ्यावरच ऐकायचं, म्हणून त्याला २००० ओहमचे, ४००० ओहमचे हेडफोन लागत. आज त्याच जातीला आपण खादाड म्हणतो.

खादाड ते नाहीतच. माझ्या हेडफोनच्या कागदावर एका मिलिवॉटला ९६ डेसिबल असं लिहिलंय. डोंगल फार तर एक व्होल्ट देतं, म्हणजे गाण्यातल्या सगळ्यात मोठ्या क्षणाला ९८ डेसिबल. हल्लीच्या सिनेमातल्या गाण्याला हे रग्गड झालं, कारण ते पहिल्या सेकंदापासून छताला डोकं लावूनच उभं असतं. पण मैफलीच्या ध्वनिमुद्रणात छत राखून ठेवलेलं असतं तिहाईसाठी, टाळ्यांसाठी, पुढच्या रांगेतल्या एखाद्या मोठ्या 'क्या बात है'साठी. आलाप त्याच्या कितीतरी खाली चालतो आणि तानपुरा आलापाच्याही खाली. मोठ्या क्षणाला ११० डेसिबलची सोय ठेवायची म्हटलं, तर ६०० ओहमला चार व्होल्टच्या आसपास दाब लागतो. शक्ती किती? पंचवीस मिलिवॉट. आता हायफायमॅनचा एचई-६ घ्या. इम्पिडन्स अवघा ५० ओहम, पण मिलिवॉटला ८३.५ डेसिबलच. तिथवर जायला त्याला जवळजवळ अर्धा वॉट लागतो, माझ्या हेडफोनच्या सुमारे अठरापट. म्हणजे दाब हवा की प्रवाह, एवढाच प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर खोक्यावरच्या दोन आकड्यांत असतं. अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकात ६०० ओहमला किती व्होल्ट ते पाहावं आणि पुढचं पान उलटावं. ३२ ओहमला अमुक हजार मिलिवॉट ही जाहिरात आपल्यासाठी नसते.

अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा एक ढोबळ नियम सांगतात. ६०० ओहमवाल्याला त्याची चिंता नाही. ती चिंता सोळा-बत्तीस ओहमवाल्यांची.

डॅकबद्दल, म्हणजे आकड्यांचा आवाज करणाऱ्या त्या डब्याबद्दल, माझं मत कंजूष आहे. हेडफोनला मनसोक्त पैसे द्यावेत, अ‍ॅम्पला लागतील तेवढे, आणि उरलं तर डॅकला. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीचे ४४,१०० नमुने आणि १६ बिट नीट उलगडणं हे आज बोटभर डोंगललाही जमतं. २० ऑक्टोबर २०२० रोजी जपानच्या मियाझाकी प्रांतात, नोबेओका इथे असाही कासेईच्या चिपच्या कारखान्याला आग लागली. हौशी मंडळी ज्या चिपच्या मखमली आवाजाच्या आणाभाका घेत, त्याच एकाएकी मिळेनाशा झाल्या. मग काही कंपन्यांनी आतली चिप दुसऱ्या कंपनीची घातली आणि डबा तोच ठेवला. गाणी बंद पडली नाहीत. आणि माझ्या संग्रहात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या ओडियनच्या ध्वनिमुद्रिका आहेत. त्यातली सुईची खरखर १२० डेसिबलच्या डॅकमधून ऐकली की अधिक स्पष्ट खरखर ऐकू येते.

अ‍ॅम्प मात्र हवा होता, म्हणून लॅमिंग्टन रोड गाठला. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं, टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टनच सांगावं लागतं. दुकानातल्या मुलाने माझे व्होल्ट ऐकून घेतले, मान हलवली आणि विचारलं, "काका, वॉर्म पाहिजे का न्यूट्रल?"

वॉर्म म्हणजे काय, विचारलं. तो थोडा थांबला. "म्हणजे... ऐकायला बरं वाटतं."

हाच प्रश्न मला आधी एकदा विचारला गेला होता. खरं तर मला नव्हे, माझ्या मावसबहिणीला, मिरजेत. तानपुऱ्याची जवारी बसली होती, म्हणजे तारा नुसत्या टण टण बोलत होत्या, त्यांना धार राहिली नव्हती. मुंबईत काढून घेता आली असती, पण ताईचा हट्ट, वाद्य जिथलं तिथेच न्यायचं. तिचा तानपुरा मिरजेचा, आणि मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकापासून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. तिथल्या तानपुऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आम्ही गेलो ते त्याच्या पुष्कळ आधी. मी गेलो हमाल म्हणून.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. वर आढ्याला भोपळे टांगलेले, भिंतीशी दांड्या उभ्या, लाखेचा आणि ओल्या लाकडाचा वास. तिथल्या कारागीर चाचांनी गवसणी काढू दिली, तानपुरा आडवा घेतला आणि चारही तारांवरून एकदाच बोट फिरवलं. मग ताईकडे पाहून म्हणाले, "बाई, आवाज गोल पायजे का खुला?"

ताईने पट्टी सांगितली, घराणं सांगितलं. ते ऐकताच चाचांचा चेहरा असा झाला, की आता पुढचं काही सांगायची गरज नाही. किराणा घराण्याच्या माणसाला मिरजेत आणखी काय विचारणार? अब्दुल करीम खाँ तिथेच राहिले, तिथल्याच दर्ग्यात त्यांची कबर आहे. ते स्वतः हत्यारं जवळ बाळगून असत आणि वाद्याची दुरुस्ती, जवारी स्वतःच्या हाताने करत. चाचांच्या आजोबांनी त्यांना पाहिलं होतं. मिरजेत प्रत्येकाच्या आजोबांनी पाहिलेलं असतं.

तारा सैल करून घोडी मोकळी केली. घोडीचा माथा वरवर सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला पुढे अगदी हलका उतार असतो, आणि तार त्या उतारावर टेकल्या न टेकल्यासारखी निजलेली असते. छेडली की ती उतारावर घासत वरखाली होते, आणि त्या घासण्यातच सगळा झंकार असतो. चाचांनी बारीक कानस घेतली, दोनदा फिरवली, फुंकर मारली, घोडी बसवली, तार चढवली, सुरात आणली, छेडली, ऐकलं, उतरवली. पुन्हा कानस. मला आधी वाटलं, एखाद्या तासाचं काम. दुपारी त्यांनी आम्हाला जेवून यायला सांगितलं. आलो तेव्हा ते पहिल्याच तारेवर होते. मधे एक गिऱ्हाईक आलं, सतारीच्या खुंट्या घेऊन गेलं. एक मुलगा चहा ठेवून गेला, त्यावर साय धरली. काम करताना चाचा बोलत नव्हते, आणि आम्ही बोलायला लागलो की हात थांबवून आमच्याकडे बघत. आम्हीही गप्प झालो.

संध्याकाळकडे त्यांनी सुताचे तुकडे काढले. तार आणि घोडी यांच्या मधे सूत सारायचं आणि केसाकेसाने पुढे ढकलायचं. सूत पुढे सरकत होतं, तार तशीच टण टण. आणि मग एका जागी ती उघडली. एवढा वेळ एक तार वाजत होती, आता तिच्यात आणखी चार कुणी बोलायला लागले. खर्जाच्या पितळी तारेतून गंधार निघाला, वरचा, स्पष्ट, कुणीही न वाजवलेला. ताईने हात जोडले. मी चाचांना विचारलं, हा येतो कुठून? ते म्हणाले, "तो होताच की."

चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये याच प्रश्नावर लिहिलं. तार बरोबर मध्यावर छेडली, तर तिच्यातून समसंख्येचे स्वरांश येऊ नयेत, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम. तानपुऱ्यात आणि वीणेत ते येतात. रामन यांनी बोट ठेवलं ते घोडीच्या त्या वक्र माथ्यावर. म्हणजे चाचांची कानस नियम मोडत होती. इंजिनिअरच्या भाषेत बोलायचं, तर स्वच्छ कंपन घेऊन त्यात जाणूनबुजून विकृती घालायची, आणि ती योग्य जागी बसेपर्यंत उठायचं नाही.

तेव्हा वॉर्म आवाज मागणाऱ्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. ज्याचं अर्धं आयुष्य तानपुऱ्याच्या पुढ्यात गेलं, त्याने शुद्ध आवाजाच्या गप्पा मारू नयेत. पण जवारी मायक्रोफोनच्या अलीकडे असते. ती एका वाद्याची, एका गळ्यासाठी, एका पट्टीत लावलेली. अ‍ॅम्पची ऊब पलीकडून येते आणि तानपुरा, गळा, तबला, खोकला, टाळ्या, सगळ्यांवर सारखीच पसरते. चाचांनी दिवसभर बसून जेवढी घातली तेवढी मला पुरे आहे. तिच्यावर कारखान्यातून आलेला दुसरा हात नको.

मी त्या मुलाला न्यूट्रल म्हटलं. आणलेला अ‍ॅम्प ऑब्जेक्टिव्ह-२ या आराखड्यावरचा आहे. २०११ मध्ये एका निनावी अभियंत्याने तो सगळ्या मोजमापांसकट जगापुढे ठेवला. घटक साधे, सहज मिळणारे, स्वस्त. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवरही तो चालतो, आणि विजेवर ६०० ओहमला सात व्होल्टपर्यंत देतो. महागड्या यंत्रांवर आणि कंपन्यांच्या दाव्यांवर तो अभियंता तुटून पडे, आणि आकडे दाखवूनच पडे. २०१२ मध्ये त्याचं लिहिणं थांबलं, नाव आजवर उघड झालेलं नाही. शैली म्हणाल तर रुक्ष, भांडखोर. मला आवडते.

नागपूरच्या माझ्या मित्राला हे काहीच पटत नाही. त्याच्याकडे ३०० ओहमचा झेनहायझर एचडी ६०० आणि स्वतः सोल्डर केलेला बॉटलहेड क्रॅक हा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प आहे. त्यातला ६०८० हा व्हॉल्व्ह मुळात वीजपुरवठ्याचा दाब स्थिर ठेवायला बनवलेला. अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स शंभराच्या पुढे. एचडी ६०० चा इम्पिडन्स खालच्या सुरांत पाचशेच्या वर चढतो, म्हणून तिथे एखादा डेसिबल जास्त मिळतो. मित्र म्हणतो, आवाजाला अंग येतं. येतंच. मी त्याच्याकडे ऐकलंय, आणि डग्ग्याची घुमक ऐकून थोडा वेळ वादही विसरलोय. माझं म्हणणं एवढंच, की त्याला आवडलं म्हण, खरं म्हणू नकोस. यावर तो सावजी मटण मागवतो आणि विषय बदलतो.

पण त्या ६०८०चं नुसतं फिलॅमेंट पंधरा-सोळा वॉट खातं, कानात जाणाऱ्या काही मिलिवॉटसाठी. आणि मित्राची ऐकायची खोली गच्चीखालची आहे. होळी झाली की तो त्या अ‍ॅम्पवर फडकं टाकतो आणि माझ्यासारखाच एक थंड, चपटा डबा बाहेर काढतो. मार्च ते जून तो माझ्या पक्षात असतो.