आधी सलंग

नवेगावबांधच्या काठावर उभं राहिलं की डोळे आधी धरण शोधतात. जुन्या गॅझेटियरात या तलावाचा घेर 17 मैल दिला आहे. एवढं पाणी अडवायला केवढं बांधकाम लागलं असेल, असं वाटत राहतं आणि दिसते ती टेकड्यांच्या मधली खिंड बुजवणारी मातीची पाळ. एवढीच. बाकीचं काम डोंगरांनी केलेलं.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला, असं सांगतात. लोकांनी त्यांचा कोलासूर देव केला आणि भोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हटलं. या कथेत श्रेय वाटून दिलंय, हे मला फार आवडतं. बहिणींनी हात दिला म्हणून बांध उभा राहिला. माणसानं कमीत कमी माती कुठे टाकायची, तेवढं अचूक ओळखलं.

ही ओळख आजाच्या पायात होती. आम्ही कुठेही पाहुणे म्हणून गेलो की चहा घेऊन तो उठायचा आणि त्या गावचा तलाव बघायला निघायचा. मी मागे. मला पाळीवर चढून पाणी बघायची घाई असायची. तो दंडाला धरून थांबवायचा. “पयले सलंग पाय. पार मंग पायजो.” सलंग म्हणजे तलाव भरल्यावर जास्तीचं पाणी जिथून निघून जातं ती वाट. आजा तिथे उकिडवा बसायचा. गवत कुठल्या अंगाला झुकलंय, दगडांच्या फटीतली माती किती गेलीय, खाली ओघळ पडलाय की पाणी पसरून गेलंय, हे सगळं बघायचा. मागच्या श्रावणात इथून काय गेलं असेल ते त्याला उन्हाळ्यात दिसत असे. मग चप्पल हातात घेऊन पाळीवरून चालायचा, मध्येच टाच दाबायचा. माती थराथरानं टाकून, पाणी शिंपडून, गुरांच्या पायांखाली तुडवलेली असली तर टाचेला कळतं म्हणायचा. शेवटी तुडुम, म्हणजे पाणी सोडायची भोकं. पाणी उतरेल तसं वरून खाली एकेक भोक उघडायचं आणि धानाच्या बांध्यांना पाणी सोडायचं. इकडे यजमानांकडे ताटं वाढून झालेली असायची. परतल्यावर कुणी विचारलंच तर तो एवढंच म्हणे, “बसली हाय.” पाळ बसली, म्हणजे जमिनीची होऊन गेली. याहून मोठं कौतुक त्याच्याजवळ नव्हतं. धानाचा पुंजना, लग्नाचा मांडव, माझं अक्षर, सगळ्याला हेच माप. माझं अक्षर मात्र बरीच वर्षं बसायचं होतं.

आजही नवं घर दाखवायला कुणी नेलं की मी फरशीकडे बघत नाही, छपराचं पाणी कुठे उतरतं ते बघते. झकपक कामावर माझा विश्वास बसत नाही.

गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्यावर भिजणारी जमीन मिळायची, असं सांगतात. त्यामुळे सलंग बघायला जाणाऱ्याचं पोटही त्याच सलंगेवर अवलंबून असे. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपली, ते योग्यच झालं. तलाव सरकारकडे गेले, कागदोपत्री माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा तलाव’ झाले. पण आषाढात चप्पल हातात घेऊन पाळीवरून चालणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. नातवंडं मागे चालायची ती शाळाही मग सुटली.

मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावला आले आणि तिथल्या माधवराव पाटलांच्या मागे हिंडून जंगल शिकले. हुद्द्यावरच्या माणसानं असं मागे चालायचं ठरवलं, याबद्दल मला त्यांच्याविषयी नेहमी आदर वाटत आलाय.

धीवरांकडे हे मागे चालणं अजून आहे. अर्जुनी मोरगाव भागातल्या धीवर बाया उन्हाळ्यात, पाणी आटलेलं असताना, तलावातलं बेशरम नावाचं झुडूप उपटतात, तळ नांगरून घेतात आणि पाणवनस्पती लावतात. धानाची रोवणी करणारेच हात. मासा अंडी कुठे घालतो, कुठल्या वनस्पतीत पिल्लं लपतात, कुठली खोल पाण्यात तग धरते आणि कुठली काठाला, हे म्हाताऱ्या धीवरांना विचारून घ्यावं लागतं. देवधान काठाशी. कमळ फार वाढू द्यायचं नाही. तळ्यातल्या मधल्या भागाबद्दल दोन म्हाताऱ्यांचं एकमत होत नाही, म्हणून बाया दोन्हीकडे थोडं थोडं लावून ठेवतात.