उंट, सुई आणि चिमणराव



मागच्या आठवड्यात मला ४५ वर्षे पूर्ण झाली. वाढदिवशी सकाळी मिस्सा, फादरांचा आशीर्वाद आणि घरी शिरा, एवढेच आमच्याकडे ठरलेले असते. यंदा मुलगी बडोद्याहून आली होती. तिने फर्मान काढले, "आई, आज स्वयंपाक नाही. डुमसला जायचं."

मिस्सा झाल्यावर निघालो. आधी गरम लोचो, मग अडाजणला तापीकाठचा पोंक. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण सुरतकर त्याच्याबरोबर लिंबू-मिऱ्याची शेव खातात. आमच्या ह्यांच्या खानदेशी जिभेला ते अजून मान्य नाही. "हुरड्याला शेव कशाला?" असे दर हिवाळ्यात विचारतात आणि दर हिवाळ्यात शेव संपवतात.

डुमसच्या काळ्या वाळूवर चादर अंथरली, टोमॅटोची भजी आली आणि मुलीने पिशवीतून पुस्तक काढले. चि. वि. जोशी यांचे 'चिमणरावांचे चऱ्हाट'. ती त्याला 'विनोदी कादंबरी' म्हणते. खरे तर त्या सुट्या गोष्टी आहेत, पण माणसे तीच असल्यामुळे मी वाद घातला नाही. चि. वि. बडोद्याच्या कॉलेजात पाली भाषा शिकवत. मोठ्या घुमटाच्या ज्या इमारतीत ते कॉलेज होते, तिथेच आता माझी मुलगी बी. ए. करते आहे. बुद्धाच्या जातककथांचा हा अभ्यासक घरी येऊन चिमणराव, काऊ, मोरू, राघू, मैना आणि धिप्पाड गुंड्याभाऊ यांचे घोटाळे लिहीत बसायचा. दोन्ही एकाच टेबलावर होत असेल का, असे मनात आले.

मी वाचायला लागले आणि हसू आवरेना. चिमणराव शहाणपण मिरवायला जातो आणि स्वतःच फसतो, आणि ते सगळे आपणच आपल्या तोंडाने सांगतो. डोळ्यांतून पाणी आले. मुलगी बापाला म्हणाली, "पप्पा, आई हसतेय बघा. किती दिवसांनी!"

ती सहज बोलली, पण मला ते लागले. कारण महिन्यापूर्वीच्या एका रविवारी मी एका मुलाला हसला म्हणून वर्गाबाहेर काढले होते.

धर्मशिक्षणाच्या वर्गात श्रीमंत तरुणाचा पाठ चालू होता. उंट सुईच्या नाकातून जाण्याची गोष्ट आली आणि सातवीतला एक मुलगा खुदकन हसला. "कोण हसलं?" "मी नाही, टीचर." "तूच हसलास. वर खोटं बोलतोस? पवित्र शास्त्र वाचताना हसतात का?" तो बाहेर गेला, आणि पुढचे चारही रविवार आला नाही. आईबाप नंदुरबारकडचे, वडील लूमवर, आई घरी साड्यांवर टिकल्या चिकटवते. मी त्याची चौकशीही केली नाही. शिस्त लागेल, असेच मनाला सांगत राहिले.

डुमसहून परतताना मला सारा आठवली. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात ती तंबूच्या दाराआड उभी आहे. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून ती मनात हसते. विचारल्यावर घाबरून नाही म्हणते. परमेश्वर म्हणतो, हसलीस तू. आणि तिथेच तो विषय संपतो! शिक्षा नाही, तंबूबाहेर काढणे नाही. दिलेले वचन मागे घेणे नाही. वर्षाने मूल झाले तेव्हा नाव ठेवले इसहाक, ज्याचा अर्थच हसणे. इतकी वर्षे मी हा पाठ शिकवते आहे. तीच चूक, तेच नाकारणे माझ्यासमोर घडले, तेव्हा मला फक्त खोटे बोलणे दिसले.

आणि उंटाचे तरी काय? एवढा उंच, कुबडाचा प्राणी सुईशी खटपट करतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. डोळ्यातल्या मुसळाचेही तसेच. प्रभू येशूने हे सांगितले तेव्हा ऐकणाऱ्यांत एकही पोर हसले नसेल, हे मला आता खरे वाटत नाही. त्या मुलाने पाठ नीट ऐकला होता, म्हणून त्याला उंट दिसला. बाकीचे वीस जण मान खाली घालून बसले होते.

काल संध्याकाळी डिंडोलीला त्यांच्या खोलीवर गेले. आईने साडी बाजूला सारून मला बसायला जागा केली. "ताई, त्याने काही केलं का?" म्हणाली. घरी त्याने काहीच सांगितले नव्हते. रविवारी पोटात दुखते म्हणायचा.

तो दाराशी उभा होता. मी म्हटले, "चूक माझी झाली. तुला बाहेर काढायला नको होतं."

"मी नव्हतो हसलो, टीचर."

"हसलास रे. मीही हसायला हवं होतं."

तो आईकडे बघत राहिला. रविवारी येतो, असे म्हणाला नाही. नाही, असेही म्हणाला नाही. मी पिशवीतून चिमणराव काढून त्याच्या हातात दिला. त्याने पुस्तक उघडले तर वाळू सांडली.

"डुमसची आहे," मी म्हटले. "झटकून वाच."