मूळ बाइट

डॉसच्या काळात प्रोग्राम कोठे बिघडतो हे कळेना, की आम्ही 'डीबग' उघडत असू. 'जी' या आज्ञेपुढे ब्रेकपॉइंटचे पत्ते द्यायचे. एका वेळी दहापर्यंत. डीबग प्रत्येक पत्त्यावरचा मूळ बाइट बाजूला ठेवी आणि त्या जागी 'सीसी' हा एका बाइटचा थांबण्याचा आदेश लिही. प्रोग्राम तेथे पोहोचून थांबला, की सारे मूळ बाइट जागेवर परतत. मात्र एकाही थांब्यावर न थांबता तो संपला, तर 'सीसी' तसेच राहत. मग पुढे चाले तो आमचा प्रोग्राम नव्हेच.

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत वाढलेल्या आम्हाला ही गोष्ट वेगळीच बोचते. १६ ऑगस्ट १९४२ रोजी येथे पोलीस ठाण्यासमोर गोळीबार झाला, माणसे हुतात्मा झाली. इतिहास आमच्या गावी येतो तो या तारखेवर थांबण्यासाठीच. थांबायलाच हवे. पण त्या तारखेखाली झाकलेली पेरणी, बाजार, भाऊबंदकी पुन्हा जागेवर कोण ठेवतो?

वर्गात कविता शिकवताना आम्हीही एका ओळीवर असेच थांबतो. ती ओळ कवितेत परत ठेवायची राहिली, तर विद्यार्थ्याला कविता नव्हे, आमचा थांबाच पाठ होतो.