सतारमेकर : एका आडनावात साठलेला इतिहास

मिरजेत ‘सतारमेकर’ हे आडनाव आढळते. अर्धे देशी, अर्धे इंग्रजी. ही घराणी त्यापूर्वी ‘शिकलगार’ म्हणून ओळखली जात. सैकल म्हणजे शस्त्रांना चकाकी देणे; तरवारी घासणारा, पाजळणारा तो शिकलगार. एका आडनावाकडून दुसऱ्याकडे झालेल्या या प्रवासात महाराष्ट्राच्या एकोणिसाव्या शतकाचा मोठा तुकडा दडलेला आहे. आजचा धागा त्याविषयी. 🧵

१८१८ मध्ये पेशवाई संपली. युद्धे थांबली, फौजा घटल्या आणि तरवारीला धार लावून घेणारे गिऱ्हाईकही घटले. इतिहासाची पुस्तके राजांच्या पराभवावर थांबतात. शस्त्रांवर पोट असलेल्या कारागिरांचे पुढे काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मिरजेत त्याचे एक उत्तर मिळाले. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान आणि दरबारात गाण्याला मान. गवई-वादकांचे येणे-जाणे असे, पण वाद्य बिघडले तर दुरुस्त करणारा जवळ कोणी नसे. मिरजेत सांगितली जाणारी कथा अशी की, असेच एक बिघडलेले तंतुवाद्य फरीदसाहेब शिकलगार यांच्या हाती आले आणि त्यांनी ते पुन्हा बोलते केले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची ही गोष्ट. कथेतील तपशील पिढ्यांनी घासूनपुसून घेतला असेल. परंतु तंतुवाद्यनिर्मितीची मिरजेतील परंपरा फरीदसाहेबांपासून मोजली जाते, याबाबत दुमत नाही.

वरवर पाहता तरवार आणि तानपुरा यांचा संबंध काय? संबंध कानशीचा आहे.

तानपुऱ्याच्या तबलीवर घोडी असते. पूर्वी ती हस्तिदंताची वा सांबरशिंगाची करीत. तिचा माथा सपाट दिसतो, पण सपाट नसतो. त्याला डोळ्यांना जेमतेम जाणवेल असा बाक असतो. तार छेडली की ती या बाकाला हलकेच घासत थरथरते आणि त्या घर्षणातून स्वरांचा झंकार उमलतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवतात. तो केसभर पुढेमागे झाला तरी आवाज बंद होतो किंवा खुलतो. यालाच जवारी म्हणतात. कानस एकदा अधिक फिरली तर घोडी वाया. पोलादाच्या पात्यावर पिढ्यान्‌पिढ्या हात बसलेल्या माणसांना हे काम साधावे, यात नवल नाही. फरक इतकाच की, पाते डोळ्यांनी तपासता येते, जवारी मात्र कानांनीच.

१९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी वीणा आणि तानपुरा यांच्या तारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा नियम असा की, तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर स्थिर राहणारे उपस्वर त्या नादात उमटू नयेत. तानपुऱ्यात ते स्पष्ट उमटतात, असे रामन यांना आढळले. याचे मूळ त्यांनी घोडीच्या त्या बाकात शोधले. कारागिरांनी मात्र हा नियम कानशीने केव्हाच मोडून ठेवला होता. या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट कदाचित हीच असावी.

गायकांना कारागिराची ही किंमत ठाऊक होती. उस्ताद अब्दुल करीम खाँ कैराण्याचे, पण अखेरची अनेक वर्षे मिरजेत राहिले. त्यांच्या गाण्यात तानपुऱ्याला जे स्थान होते, ते क्वचितच कोणी दिले असेल. पहिली तार निषादात मिळवण्याची किराणा घराण्याची रीत प्रसिद्ध आहे. खाँसाहेब स्वतः वाद्ये दुरुस्त करीत आणि जवारीही काढीत. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृ. ब. देवल २२ श्रुतींचे गणित मांडत होते, तेव्हा त्यांनी आधार घेतला तो खाँसाहेबांच्या कानाचा. असा गवई ज्या गावात राहतो, तेथील कारागिराला ‘चालेल’ हा शब्द विसरावाच लागत असणार.

हे प्रेम केवळ आपल्याकडचे नाही. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात पडद्यांची इलेक्ट्रिक बास गिटार बाजारात आणली. १९६५ मध्ये त्यांची कंपनी सीबीएसने विकत घेतली आणि बासवादक आजही त्या वर्षापूर्वीची वाद्ये शोधत फिरतात. बास काय, तानपुरा काय, दोन्ही मागे बसणारी वाद्ये. श्रोता त्यांच्याकडे पाहत नाही. ती थांबली की मात्र पायाखालची जमीन गेल्यासारखे वाटते. तरीही एक भेद बोचतो. फेंडर हे नाव वाद्याच्या माथ्यावर झळकते. आपल्याकडे तबलजीचे नाव छापतात, कधी तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्याचेही. तो तानपुरा कोणी घडवला हे ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर शोधून सापडणे कठीण.

घडवणे सोपे नाही. भोपळा येतो सोलापूर जिल्ह्यातून, भीमाकाठच्या शेतांतून. तो कडू, जाड सालीचा, महिनोन्‌महिने वाळवलेला. पीक बुडाले किंवा पावसाने भोपळे सडले की पुढच्या वर्षाची वाद्ये अडतात. दांडी तुणाच्या लाकडाची. गायिकेच्या काळी चारचा तानपुरा वेगळा, पुरुषाच्या काळी एकचा वेगळा. भोपळा निवडतानाच हे ठरते. शिवाय १९७९ पासून बंगळुरूचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा आहे आणि आता तर तो मोबाइलमध्येच आला. रियाझाला तो सोयीचा, हे मान्य करावे लागेल. एकट्या विद्यार्थ्याला चार तारा जुळवत बसायला वेळ कोठे? परंतु विद्यार्थीच वाद्य घेईनासा झाला, तर कारागिराच्या मुलाने कानस का उचलावी?

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. ‘मिरज’ हे नाव आता कोणालाही कोठेही चिकटवता येणार नाही. मानांकनाने नाव राखले जाते, हात मात्र राखले जात नाहीत. ते मागणीनेच राखले जातात.

अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात वारले. त्यांचे दफन मिरजेत, ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात झाले. दरवर्षी उरुसात गायक-वादक तेथे हजेरी लावायला येतात. गाणे सुरू होण्यापूर्वी तानपुरे जुळतात, कोणाची तरी जवारी उतरलेली असते आणि मग सतारमेकरांपैकी कोणाला तरी निरोप जातो. तो येतो, डोळे मिटून तार छेडतो आणि घोडीवरचा सुताचा धागा केसभर सरकवतो.